म्हणाला की म्हणाले

दादांनी पहिल्यांदा ‘म्हणाला’ वाचलं तेव्हा मला वाटलं, चष्मा पुसायचा राहिला असेल.

राजणखेडच्या आमच्या दगडी चर्चमध्ये त्या रविवारी बायबलच्या नव्या भाषांतरातून पहिलं शास्त्रवाचन होतं. वाटेच्या कडेला बसलेल्या आंधळ्याला दृष्टी मिळते, तो भाग. नवं पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं आणि त्यात स्वच्छ छापलेलं होतं, ‘येशू म्हणाले’. वाचनाच्या टेबलामागे उभे असलेले माझे वडील वाचत होते, ‘येशू म्हणाला’. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी मी मान वर करून पाहिलं. दादांचं बोट ओळीवरून नीट सरकत होतं. ते ‘म्हणाले’पाशी यायचं, न अडखळता पुढे जायचं, आणि तोंडातून निघायचं ‘म्हणाला’. एवढ्याशा भागात सात वेळा. सातव्या वेळी शेजारी बसलेल्या आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, कारण माझा पाय हलायला लागला होता.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची, नगर जिल्ह्यातली. मी सव्वीस वर्षांची होते, गावच्या शाळेत शिकवत होते आणि चर्चच्या पंचकमिटीवर निवडून आलेली पहिली बाई होते. हे ‘पहिली’ मी तेव्हा कोणी न विचारताही सांगत असे. दादा म्हणजे शमुवेल यमाजी घाटविसावे, निवृत्त मुख्याध्यापक. एकतीस वर्षं रविवारचं शास्त्रवाचन तेच करत आले होते. खणखणीत आवाज, स्पष्ट उच्चार, आणि स्वल्पविरामाला थांबण्याची अशी शिस्त की लोक तेवढ्यात खोकून घ्यायचे.

नवं भाषांतर आणायचा ठराव माझा होता. जुन्या पुस्तकाची मराठी माझ्या वर्गातल्या पोरांना कळत नव्हती, हे खरंच होतं. ‘वल्हांडण’ हा यहुद्यांचा सण, पण तो म्हणजे काय असं मी एकदा रविवारच्या शाळेत विचारलं, तर एकाने उठून सांगितलं, होडीत वल्ह्यावरून होतं ते भांडण. पण माझा खरा मुद्दा वेगळा होता. जुन्या पुस्तकात येशू येतो, जातो, बसतो, म्हणतो. नव्यात ते येतात, जातात, बसतात, म्हणतात. ठराव मांडताना मी उभी राहून सांगितलं होतं की आपल्या आज्या-पणज्यांना साऱ्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या अरे-तुरे केलं, आता निदान आपल्या प्रभूचं नाव तरी आपण मानाने घेऊ या. टाळ्या पडल्या. दादा त्या दिवशी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही, ते मी पाहिलं नाही. मी टाळ्या मोजण्यात गुंतले होते.

त्या रविवारी घरी आल्यावर मी काही बोलले नाही. दादाही बोलले नाहीत. आम्ही दोघंही मास्तर. वाद घालायचा तर फळ्यासमोर, जेवताना नाही, असं आमचं वळण. आई मात्र दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या रविवारी अर्ध्या मंडळीने नवं पुस्तक मांडीवर उघडून ठेवलं, देवाचं वचन ऐकण्यासाठी नव्हे, तर दादांच्या चुका मोजण्यासाठी. वाचन संपलं की मागून कुजबूज ऐकू यायची, “नऊ.” “नाही, दहा. एकदा ‘आला’ पण म्हणाले.” आमच्या चर्चमध्ये इतकं लक्ष देऊन शास्त्रवाचन त्याआधी कधी ऐकलं गेलं नव्हतं. पाळकसाहेब प्रवचनात पुष्कळदा हेच मागायचे, पण मिळालं तेव्हा त्यांना घाम फुटला.

आमचे पाळक रेव्हरंड दीनानाथ मकासरे फार सज्जन माणूस. कोणाला ‘नाही’ म्हणायची वेळ आली की ते प्रार्थना सुरू करायचे. एव्हाना गावात दोन तट पडले होते, ‘ला’वाले आणि ‘ले’वाले. ‘ला’वाल्यांचे पुढारी एसटी डेपोतले कंट्रोलर बेंजामिन तोरणे. त्यांची हरकत अशी की ‘म्हणाले, गेले, आले’ हे तर बायका बोलतात. आमच्या घरात सकाळपासून ‘मी म्हणाले, मी गेले’ चाललेलं असतं, आता येशूलाही तसंच बोलायला लावता का, असं त्यांनी भर चर्चच्या आवारात विचारलं. मी त्यांना व्याकरण समजावून सांगितलं. त्यांनी मला डेपोचं वेळापत्रक समजावून सांगावं, तसा चेहरा करून ते ऐकून घेतलं.

पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. एका रविवारी प्रवचनात त्यांनी म्हणालाही नको आणि म्हणालेही नको, असं ठरवून क्रियापदच बदललं. “येशूकडून असे सांगण्यात आले की,” त्यांनी सुरुवात केली, “शिष्यांना पुढे पाठवण्यात आले, भाकरी वाटण्यात आल्या.” वीस मिनिटं हे असं चाललं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाहेर पडताना तोरणेकाका म्हणाले, तहसील कचेरीतून नोटीस आल्यासारखं वाटलं, भाकरी कुठल्या योजनेतून वाटल्या तेवढं सांगायचं राहिलं. त्यावर आम्ही ‘ले’वालेसुद्धा हसलो. पाळकसाहेबांनी तो मार्ग सोडून दिला.

पण हसण्यावारी जाण्यासारखं ते राहिलं नाही. दवाखान्यातल्या हिवाळे सिस्टरांच्या मुलीची सोयरीक तोरण्यांच्या पुतण्याशी ठरत आली होती, ती लग्नविधी कोणत्या पुस्तकातून वाचायचा यावर अडून बसली. ‘ला’वाली आठ-दहा घरं म्हणायला लागली की आम्ही शाळेच्या पडवीत वेगळी उपासना घेऊ. कोणीतरी नगरला वरच्या कमिटीकडे पत्र पाठवलं. ते कोणी पाठवलं हे आजवर कळलेलं नाही, पण त्यातलं शुद्धलेखन चांगलं होतं, एवढ्यावरून बऱ्याच जणांचा संशय माझ्यावर होता. मी ते लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर सही केली असती.

नगरहून उत्तर आलं. मंडळीने जे पुस्तक ठरावाने स्वीकारलं आहे तेच वाचलं जावं, छापील शब्दात बदल करू नये, आणि वाचकाला ते मान्य नसेल तर दुसरा वाचक नेमावा.

पंचकमिटी बुधवारी संध्याकाळी बसली. दादांना बोलावलं होतं. पाळकसाहेबांनी पत्र वाचून दाखवलं आणि अतिशय ओशाळून विचारलं, “मास्तर, आपण छापल्याप्रमाणे वाचाल का?”

“प्रयत्न करतो तर जीभ वळत नाही,” दादा म्हणाले. “खोटं कशाला सांगू? आणि वळवावीशीही वाटत नाही.”

“का ते सांगता का?”

“ते सांगायला लागलो तर माझं वाचन राहील आणि प्रवचन होईल. ते तुमचं काम.”

तोरणेकाका चिडून म्हणाले की एकतीस वर्षांच्या माणसाला असं काढणार असाल तर आम्हीही निघालो. दादांनी त्यांना हाताने बसवलं. कोणी कुठे जाणार नाही, ते म्हणाले, मी इथेच चौथ्या बाकावर बसून ऐकेन. दुसरा वाचक नेमा. सगळे ज्याच्या त्याच्या नखांकडे बघत होते, तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या हिवाळे सिस्टर म्हणाल्या, “कुमुद वाचेल की. मास्तरांचाच आवाज आहे तिचा.”

आता इतक्या वर्षांनी एक कबूल करायला हरकत नाही. मला धक्का बसला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याआधी, अगदी क्षणभर आधी, मला आनंद झाला होता. त्या टेबलामागे आमच्या गावात तोवर बाई उभी राहिली नव्हती. लहानपणी घरात कोणी नसताना मी उशी उभी करून त्यावर पुस्तक ठेवायची आणि स्वल्पविरामाला थांबायची. नव्या भाषांतरासाठी मी जी धावपळ केली, त्यात मुलांची अडचण किती होती, प्रभूचा मान किती होता आणि ते टेबल किती होतं, याचा हिशोब मी तेव्हा घातला नाही.

ठराव झाला. येत्या रविवारी वाचन कुमुदिनी घाटविसावे. दादांनी सर्वांत आधी हात वर केला. ते पंच नसल्यामुळे त्यांना मताचा अधिकार नव्हता, हे कोणी त्यांना सांगितलं नाही.

गुरुवारी शाळेतून आले तर दादा नवं पुस्तक उघडून बसले होते. रविवारचा भाग होता विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा. प्रवास करून दमलेला येशू भर दुपारी विहिरीपाशी बसतो, आणि जिच्या हातचं पाणी त्याच्या लोकांना चालत नाही अशा बाईकडे प्यायला पाणी मागतो. दादांनी मला उभं केलं आणि वाचायला सांगितलं.

मी वाचू लागले. पहिलाच ‘म्हणाले’ आला आणि दादांच्या समोर माझी जीभ चाचरली. ‘म्हणाल्ये’ असं काहीतरी झालं.

“पुन्हा,” दादा म्हणाले. “छापलंय ते स्पष्ट वाच. अर्धवट वाचायचं असेल तर माझ्यासारखं सरळ उलटं वाच.”

तासभर त्यांनी माझी तालीम घेतली. श्वास कुठे घ्यायचा, बाईचं बोलणं आणि येशूचं बोलणं यात आवाज कसा पालटायचा, टेबलाला हात टेकायचा नाही. ज्या शब्दापायी त्यांनी एकतीस वर्षांची जागा सोडली, तो शब्द त्यांनी माझ्याकडून अठरा-वीस वेळा घोटून घेतला. आई सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्यात बसली होती. ती एवढंच म्हणाली, “दोघंही एकाच मातीची आहात.” त्यात कौतुक नव्हतं.

शनिवारी सकाळी चिंचखेडहून निरोप आला की आत्याचा पाय मोडलाय. चिंचखेड हे दादांचं जन्मगाव, एसटीने दीड तास. आत्या तिथे एकटीच राहायची. आई भाकरी बांधून देत म्हणाली, तू जा त्यांच्याबरोबर, दोघांना बोलायला एवढा वेळ एरवी मिळायचा नाही. त्या गावी मी लहानपणानंतर गेले नव्हते.

एसटीतून उतरून आत्याकडे जायचं तर पाटलांच्या घरावरून जावं लागतं. ओट्यावर एक अगदी म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, शेंगा फोडत. डोळ्यांवर हात धरून त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

“कोन रं? यमाचा शमू न्हवं का तू?”

दादा थांबले. त्यांनी टोपी काढली. इस्त्रीचं धोतर, कोट, खिशाला पेन, त्रेसष्ट वर्षांचे माझे वडील ओट्याखाली उभे राहिले. “होय बाई. बरं आहे ना?”

“बरं आहे म्हनायचं. भैनीला बघाय आलास व्हय? पडली ती. आन ही पोरगी तुजी?”

“माझी. मास्तरीण आहे.”

“तू बी मास्तर झालतास म्हनं.”

मला राहवलं नाही. मी म्हणाले, “दादा मुख्याध्यापक होते. अकरा वर्षं हेडमास्तर होते.” ‘होते’वर मी जेवढा जोर देता येईल तेवढा दिला.

“हेडमास्तर व्हता?” म्हातारी खूश होऊन म्हणाली. “बरं झालं बाई. यमाचं पोरगं हुशारच व्हतं. घे, शेंगा घे.”

तिने ओंजळभर शेंगा माझ्या पदरात घातल्या. आवाजात कुठे कुचकेपणा नव्हता. तिला खरोखर आनंद झाला होता. मी ‘होते’ म्हणाले, तिच्या कानात ‘व्हता’ शिरलं, आणि मध्ये कुठे काही अडखळलं नाही. अशा न अडखळणाऱ्या माणसाला मी गेले दीड महिना दर रविवारी ऐकत होते, हे मात्र त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही. मी नुसती संतापले होते.

आत्याचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तोंड मोकळं होतं, त्यामुळे दिवस बरा गेला. परतीच्या एसटीत जागा मिळाली. मी खिडकीशी, दादा शेजारी. पदराला बांधून ठेवलेल्या शेंगा मी त्यांच्या पिशवीत ओतून टाकल्या आणि म्हणाले की मला नकोत. ते त्या सोलून खाऊ लागले.

“बघितलंत ना,” मी म्हणाले. “म्हणूनच मी म्हणते. आपल्याला सगळ्यांनी असंच खाली ठेवलं. आता आपल्या देवालाही आपणच खाली ठेवायचं का? तुम्हाला ऐकून काहीच वाटत नाही?”

दादा बराच वेळ शेंगा सोलत राहिले. मग त्यांनी टरफलं रुमालात गुंडाळली.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील, माझे आजोबा, पाटलांचे निरोप घेऊन गावोगाव पायी जायचे. गावातलं रांगतं पोरही त्यांना ‘ए यमा’ म्हणायचं. पाटील आले, कुलकर्णी बसले, मामलेदार म्हणाले, आणि यमा आला, यमा बसला, यमा म्हणाला. कोण कोणत्या पायरीवर उभा आहे, हे बघायला डोळे लागत नव्हते, क्रियापद ऐकलं की कळायचं. दादा सात वर्षांचे असताना मिशनच्या शाळेत जाऊ लागले. तिथे गुरुजी रोज सकाळी शास्त्रातला एक भाग वाचायचे. त्यात एक दिवस हेरोद राजा आला. राजा म्हणाला. सुभेदार म्हणाला. आंधळा भिकारी म्हणाला. आणि येशू म्हणाला.

“मी हात वर करून विचारलं, गुरुजी, राजाला ‘म्हणाला’ कसं? तो चिडणार नाही का? गुरुजी हसले. म्हणाले, या पुस्तकात सगळ्यांना तसंच आहे. मी धावत घरी गेलो आणि बापाला सांगितलं. तो कुंपण बांधत होता. त्याने काम थांबवलं आणि मला ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तो म्हणाला, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. दहा-बारा वेळा वाचायला लावलं त्याने, कुमुद. त्याला गोष्ट कळत नव्हती. हेरोद कोण, सुभेदार कोण, काही माहीत नव्हतं. तो फक्त शेवट ऐकत होता. म्हणाला. म्हणाला. म्हणाला. मग मला विचारलं, म्हणजे देव आन मी एकाच रांगेत का रे? मी म्हटलं, असं दिसतंय.”

पुढे बसलेल्या बाईचं बोचकं मध्ये आलं, ते त्यांनी नीट करून दिलं.

“पुढच्या महिन्यात त्याने बाप्तिस्मा घेतला. पाळकांनी विचारलं, का घेतोस? त्याला सांगता आलं नाही. मला माहीत होतं.”

मी म्हणाले, “पण दादा, रांग वर नेता येते ना. कायम तळाशीच का असावी?”

“वर नेऊ नको असं मी कुठे म्हणतो? पण तुमच्या पुस्तकाने एकट्यालाच वर नेलंय. बाकीचे आहेत तिथेच आहेत. आंधळा अजून ‘म्हणाला’च आहे. त्या विहिरीवर दोघंच असतात, एक दमलेला माणूस आणि एक बाई. तो म्हणाला, ती म्हणाली. तो म्हणाला, ती म्हणाली. आता ते म्हणाले आणि ती म्हणाली. वाचताना मला असं वाटतं की तो उठून ओट्यावर जाऊन बसला आणि ती खालीच राहिली.”

राजणखेडला उतरताना ते एवढंच म्हणाले, “तू उद्या छापलंय तसंच वाच. ठराव झालाय.”

रविवारी चर्च भरलं होतं. ‘ला’वाले सगळे आले होते, तोरणेकाका सर्वांत पुढे, दोन्ही हात छातीशी बांधून. दादा चौथ्या बाकावर. आई बायकांच्या बाजूला, तिची नवी जरीकाठी साडी नेसून. गीत झालं, प्रार्थना झाली, पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. टेबलापर्यंत बारा पावलं होती. त्या टेबलामागे उभं राहिल्यावर जे वाटेल असं मला लहानपणापासून वाटत होतं, त्यातलं काहीच वाटलं नाही. हात टेकायचा नाही, एवढंच आठवत होतं.

मी वाचायला सुरुवात केली. येशू प्रवासाने दमले होते, विहिरीपाशी बसले. आवाज नीट लागला. छापल्याप्रमाणे वाचत होते. मग ती बाई पाणी भरायला येते, ती ओळ आली. माझं बोट ‘आली’वर होतं.

मी वाचलं, “आल्या.”

मी ठरवून आले होते, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. ते खरं नाही. बोट तिथे पोचेपर्यंत मी छापलेलंच वाचणार होते. पण एकदा ‘आल्या’ वाचल्यावर मागे फिरता येईना. येशू त्यांना म्हणाले. त्या येशूंना म्हणाल्या. येशू म्हणाले. बाई म्हणाल्या. सहा-सात वेळा ते आलं आणि प्रत्येक वेळी मी त्यांना वर घेतलं. पाच नवरे झालेल्या, भर उन्हात एकट्या पाण्याला येणाऱ्या, गावाने वाळीत टाकलेल्या त्या बाईंना आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा अहो-जाहो केलं गेलं.

पहिल्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वेळी पुस्तकांची पानं सळसळली. तिसऱ्या वेळी बायकांच्या बाजूने कोणीतरी हसलं, आणि मग ते हसणं थांबलं. हिवाळे सिस्टरांनी चष्मा काढून डोळ्यांना पदर लावला. चौथ्या बाकाकडे बघायची माझी हिंमत नव्हती. स्वल्पविरामाला थांबत थांबत मी अध्याय संपवला आणि जागेवर येऊन बसले. पाळकसाहेब उठले, त्यांनी प्रवचनाचा कागद उघडला, मिटला आणि प्रार्थना सुरू केली.

बाहेर आवारात तोरणेकाकांनी मला गाठलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते बराच वेळ हनुवटी खाजवत उभे राहिले.

“असं असेल तर,” ते म्हणाले, “तो आंधळापण ‘म्हणाले’ होणार?”

“होणार.”

“आणि यहूदा इस्कार्योत? पैसे घेऊन प्रभूला धरून देणारा?”

“ते अजून ठरवलं नाही, काका.”

“त्याच्यावर सभा लागेल,” तोरणेकाका समाधानाने म्हणाले आणि गेले.

ती सभा लागली, दोनदा, आणि काही ठरलं नाही. नगरहून मला एक खरमरीत पत्र आलं, छापील शब्द बदलणाऱ्या वाचकाच्या जागी नेमलेल्या वाचकानेही छापील शब्द बदलल्याबद्दल आश्चर्य व्यक्त करणारं. पाळकसाहेबांनी त्याला उत्तर लिहिलं की योग्य ती दखल घेण्यात आली आहे. या बाबतीत त्यांचा हात कोणी धरला नसता. पडवीतली वेगळी उपासना बारगळली, कारण यहूदाचा निकाल लागेपर्यंत कोणालाच जायचं नव्हतं. हिवाळ्यांच्या मुलीचं लग्न झालं, जुन्या पुस्तकातून, वराच्या आईच्या हट्टाने. पंचकमिटीने दादांनाही टेबलामागे परत बोलावलं, आणि पुढे एक रविवार दादा आणि एक रविवार मी, असं वाचन नऊ वर्षं चाललं. ते ‘म्हणाला’ वाचायचे, मी सगळ्यांनाच ‘म्हणाले’ वाचायची, आणि पोरांना दोन्ही पाठ होतं. दादा गेल्यावर मी एकटी वाचत राहिले. पण हे सगळं नंतरचं.

त्या रविवारी आम्ही तिघं घरी चालत आलो. दादा दोन पावलं पुढे होते, काठी हातात धरून, न टेकता. घरी आल्यावर त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. मी त्यांच्यासमोर बसले. आईने दोघांना वाढलं. रविवारचं मटण होतं. मी खाली मान घालून खात होते, कारण ते आता काहीतरी बोलणार हे मला कळत होतं आणि ते काय असेल हे कळत नव्हतं.

दादांनी पहिला घास घेतला, सावकाश संपवला, आणि चुलीपाशी बसलेल्या माझ्या आईकडे वळून, शास्त्र वाचावं इतक्या स्पष्ट आवाजात विचारलं, “रूथबाई, आपण जेवलात का?”

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

“मला ‘जेवलीस का’ विचारलंत तरी चालेल,” ती म्हणाली. “चौतीस वर्षांत तेवढंही विचारलं नव्हतंत.”

दादा थोडे सरकले आणि त्यांनी डाव्या हाताने भिंतीशी टेकवलेला तिसरा पाट ओढून आपल्या शेजारी मांडला.